हॅलोपुरता ध्वनिसंच

दौंडला गाडीचं इंजिन पुढून काढून मागं जोडतात. तोवर उतारू चहा पिऊन घेतात.

नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक घरातलं पहिलं लग्न ठरेपर्यंत कुणी काढत नाही.

आंब्याची पेटी वरचा थर बघून घेतली जाते.

बौद्ध वस्तीच्या वाटेवर विजेची तार इतकी खाली आली होती, की पावसात उंच माणूस छत्री मिटून भिजत जाई.

उसाची ट्रॉली किती उंच भरायची, हे ट्रॉलीवर लिहिलेलं नसतं.

आमच्या ग्रामपंचायतीने २००० साली स्वतःचा ध्वनिसंच घेतला. कारण रास्त होतं. ग्रामसभेत कोण काय बोललं यावरून दर वेळी भांडणं होत. म्हणून सरपंच हौसराव आप्पांनी ठराव मांडला: यापुढे जे माईकवर बोललं जाईल, तेवढंच सभेत बोललं गेलं असं समजण्यात यावं. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. त्या दिवशी माईक नव्हता, त्यामुळे विरोधात कुणी काही बोललं नाही असंही समजण्यात आलं.

नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली. तिन्ही एकाच दुकानातून, तीन वेगळे शिक्के मारून आली. सर्वांत स्वस्त संच निवडला गेला. त्याचं नाव 'गर्जना प्रोफेशनल'. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'पाच हजार वॉट पी.एम.पी.ओ.' असं छापलेलं होतं.

"पी.एम.पी.ओ. म्हणजे काय?" ग्रामसेवक सत्यजीत भाऊसाहेबांनी दुकानदाराला विचारलं.

"वॉटच हाय साहेब. फक्त जास्तीचं."

आप्पांनी संच दोन्ही हातांनी तोलून पाहिला. "जड हाय. म्हंजी चांगला हाय."

मग तपासणी समितीची बैठक झाली. आप्पांनी माईकवर टकटक केली, फुंकर मारली आणि म्हणाले, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री." प्रत्येक सदस्याने आळीपाळीने टकटक केली, फुंकर मारली, हॅलो म्हटलं. सगळ्यांचं हॅलो स्वच्छ आलं. संच उत्कृष्ट असल्याचा दाखला देण्यात आला. एक आख्खं वाक्य बोलून पाहावं असं कुणाला सुचलं नाही. तशी आपल्याकडे पद्धत नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत संच खणखणीत वाजला. आप्पांचं भाषण झालं, सत्कार झाले. मग करुणाची पाळी आली. करुणा बौद्ध वस्तीतली, कुरकुंभला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिचे सासरे म्हाळूआबा रोज वस्तीच्या वाटेवरच्या त्याच तारेखालून म्हैस चारायला नेत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्या वाटेने येणार होत्या. तार वर घ्यायची तर ग्रामसभेचा ठराव हवा, असं खुद्द आप्पांनीच तिला सांगितलं होतं.

"हॅलो, आमच्या वस्तीवरची ता..."

संचातून घूंऽऽ असा आवाज आला आणि तो बंद पडला. तापला होता.

भाऊसाहेबांनी इतिवृत्तात लिहिलं: श्रीमती करुणा यांनी सभेस अभिवादन केले.

"भाऊसाहेब, मी तारंचं सांगत होते."

"ताई, माईकवर 'ता' एवढंच आलं."

"मग बिगरमाईकचं सांगते. ऐका."

"ते सभेबाहेरचं धरलं जाईल."

"आवो, मी तुमच्या म्होरं उभी हाय की!"

"शरीराने उपस्थित आहात. तेवढं धरलंय."

दुकानदाराचा मेकॅनिक आला. त्याने बटण दाबलं, हॅलो म्हटलं, बटण बंद केलं. दोष आढळला नाही.

"जरा लांबलचक बोलून बघा की," करुणा म्हणाली.

"बाई, मी चेकिंगला आलोय, भाषणाला न्हाई."

"मग निदान वरचं प्लॅस्टिक तरी काढा. कोंडलंय त्ये."

"सील तुटलं की वॉरंटी गेली," भाऊसाहेब म्हणाले. वॉरंटी टिकावी म्हणून संच प्लॅस्टिकमध्येच तापू द्यायचं ठरलं.

आता दोष संचात नव्हता. म्हणजे तो भाषणांत होता. भाषणं संचाच्या योग्यतेची व्हावीत म्हणून उपसमिती नेमली गेली. तिने क्रम ठरवून दिला: संच थंड असताना सरपंच, कोमट असताना सत्कार, नंतर वस्त्यांचे प्रश्न.

दोन ऑक्टोबरला करुणाने हॅलो गाळलं. माईक हातात घेतला आणि थेट म्हणाली, "तार..." पुढे नुसतं घूंऽऽ. भाऊसाहेबांनी खुलासा केला: वक्त्याने हॅलो न म्हटल्यामुळे माईकची चाचणी झाली नाही, आणि चाचणी न झालेल्या माईकवरचं बोलणं ग्राह्य धरता येत नाही.

सव्वीस जानेवारीला ती सभेआधीच आप्पांसमोर उभी राहिली. हंगाम भरात होता. ट्रॉल्या पाटसच्या कारखान्याकडे रांगेने जात होत्या.

"आप्पा, आज मला पयलं बोलू द्या."

"असं कसं, पोरी? पयला झेंडा, मग मी. शिस्त हाय का न्हाई काही?"

"तुमचं भाषण दरसाली त्येच असतंय, आप्पा. लोकांना पाठ हाय. माझं एकदा तरी हुंद्या."

लोक पोट धरून हसले.

"हसू द्या," आप्पा भाऊसाहेबांना म्हणाले. "माईकवर न्हाई आलं."

फेब्रुवारीत एका ट्रॉलीचा वरचा ऊस तारेत अडकला. तार तुटून खाली आली. म्हाळूआबांच्या हातात म्हशीची साखळी होती. म्हैस जागेवर गेली. आबांना दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तालुक्याहून चौकशीला साहेब आले. तारेबद्दल आधी कुणी काही बोललं होतं का, असं त्यांनी विचारलं.

"सभेत असा विषय आलेला नाही," भाऊसाहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

पंचायतीने शोकसभा घेतली. आप्पांनी माईकवर टकटक केली, फुंकर मारली, हॅलो म्हटलं आणि सर्वांना उभं केलं. दोन मिनिटं मौन पाळलं गेलं. तेवढा सगळा वेळ संच चालू राहिला, तापला नाही, घूं झाला नाही. मौनाची गुणवत्ता उत्तम होती, ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. तपासणी समितीच्या सदस्यांनी समाधानाने एकमेकांकडे पाहिलं.

मग करुणाला पुढे बोलावलं. ती माईकसमोर येऊन उभी राहिली.

"आधी हॅलो म्हणा, ताई," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले.

हंगाम सुरू होण्याआधी करुणाने तारेचं हे सगळं पिठाच्या गिरणीवर, गिरणी चालू असताना, माईकशिवाय सांगितलं होतं. रांगेतल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं होतं. तुम्ही डबा घेऊन तिच्या मागेच उभे होता.