राजीनाम्याचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत ‘टेक’ या इंग्रजी क्रियापदाला पाचवं वर्ष लागलं होतं. घेणं, नेणं, लागणं, मानणं असं करत करत त्याचे एकेचाळीस अर्थ झाले, आणि ते सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे टेकराव म्हणू लागले. शेवटी ते विटले. एका शाळेनं त्यांना शिक्षकाची जागा देऊ केली होती. सोमवारी हजर व्हायचं आणि जुन्या कचेरीची लेखी मंजुरी सोबत आणायची, एवढीच अट.

कचेरीत अर्थ, त्यांची उदाहरणवाक्यं, सगळं लिखाण पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर चाले. मंगळवारी टेकरावांनी तशाच एका कार्डावर इंग्रजीत राजीनामा लिहिला आणि संपादकांच्या ट्रेमध्ये टाकला. त्यात ‘टेक’ दोनदा आलं होतं, कारण हल्ली त्यांना दुसरं क्रियापद सुचतच नसे.

बुधवारी कार्ड परत आलं. खाली लाल शाईत शेरा होता : ‘उदाहरण ठीक. पण हा माणूस खरंच कंटाळलाय असं वाटत नाही.’

टेकरावांच्या मस्तकात तिडीक गेली. नवं कार्ड घेऊन त्यांनी पाच वर्षांचं सगळं त्यावर ओतलं : गळकं छत, मोडकी खुर्ची, संपादकांचा खोकला. गुरुवारी नवा शेरा आला : ‘वा! अस्सल. अर्थ क्रमांक सतराखाली घेतलं आहे.’

शनिवारी दुपारी ते धीर करून संपादकांच्या खोलीत शिरले.

“साहेब, ते उदाहरण नव्हतं. मी खरंच चाललोय.”

संपादकांनी चष्मा काढला. “खोकल्याचंही खरंच?”

“हो साहेब.”

“मग तोंडानं सांगायचं की! ट्रेमधलं कार्ड मी उदाहरण म्हणूनच वाचणार.” त्यांनी एका कार्डावर मंजुरी लिहिली, सही केली आणि टेकरावांच्या शेजारच्या टेबलावर ‘पुट’ हे क्रियापद सांभाळणाऱ्या बाईंना हाक मारली. “बाई, आजपासून ‘टेक’ तुमच्याकडे.”

बाईंनी टेकरावांचे कार्डांचे खोके आणून चाळले. “एकेचाळीस? अगंबाई! विसांत बसवते मी. बाकीची कार्डं रद्दीत.”

“रद्दीत?” टेकरावांचा आवाज चिरकला. “बाई, अठ्ठाविसाव्या अर्थासाठी दोन वर्षं घासलीयेत मी!”

“अहो, पण तुम्ही चाललात ना?”

टेकरावांना भडभडून आलं. कंटाळा आला होता हे खरं, पण त्या खोक्यांवर त्यांचा जीव होता आणि तो आत्ता, भलत्या वेळी, त्यांना कळला. त्यांनी मंजुरीचं कार्ड टराटरा फाडलं.

“आणि माझा राजीनामा परत द्या, साहेब.”

“तो सकाळीच छापखान्यात गेला,” संपादक शांतपणे म्हणाले. “इतकं चांगलं उदाहरण पुन्हा मिळायचं नाही.”

घरी बायको दारातच उभी होती. शाळेची बातमी तिनं कधीच चार घरी सांगून टाकली होती. “काय हो, घेतला का राजीनामा?”

“घेतला,” टेकराव चपला काढत म्हणाले. “पुढच्या वर्षी छापून येईल.”