परीक्षेपुरती दोन पोरं

सिद्धेश्वरीचा बी.एड.चा शेवटचा पाठ होता. यात नापास झाली, तर टेंभुर्णीच्या शाळेत ठरलेली नोकरी गेली. पाठाच्या आराखड्यात यंदा नवा रकाना आला होता: विशेष गरज असलेलं एक मूल आणि घरी वेगळी भाषा बोलणारं एक.

पाठ ज्या सातवीच्या वर्गावर होता, त्यात दोन्ही होती. अमरेशला फार अंधुक दिसायचं. चंद्रव्वा अक्कलकोटकडची, घरात नुसती कानडी. पण परीक्षेच्या पाठाला असली पोरं ग्रंथालयात बसवायची, ही शाळेची जुनी रीत. वर्गशिक्षक गुरप्पा सरांनी दोघांना सकाळीच तिकडं धाडलं.

"सर, रकान्यात तीच हवीत की!"

"खुळी का काय तू? खरी पोरं पाठ बिघडवत्यात. मी दोन तयार केलीत. ए शिवराज, गॉगल लाव."

मॉनिटर शिवराज आंधळा झाला. हुशार सोनालीकडून एक कानडी वाक्य घोकून घेतलं होतं. सिद्धेश्वरी गप्प बसली. दोन वर्षांत कॉलेजनं तिला तेवढंच नीट शिकवलं होतं.

परीक्षक चन्नम्मा मॅडम मागच्या बाकावर बसल्या. पाऊस कसा पडतो, हे झकास चाललं होतं. शिवराज ठरल्याप्रमाणे टेबलाला धडकला. मग मॉनिटरचं काम आठवून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत ओरडला, "बाई, पाचच मिनिटं राहिली!"

मॅडम उठल्या. त्यांनी सोनालीला कानडीत गाव विचारलं.

"ऊटा आयतु," सोनाली ठणकावून म्हणाली. म्हणजे, जेवण झालं. नाव विचारलं, तरी जेवणच झालेलं.

"खरी पोरं कुठायत?"

गुरप्पा सर पंख्याकडं बघू लागले.

"ग्रंथालयात," सिद्धेश्वरी म्हणाली. "बाहेरनं कडी लावून."

"आणा. पहिल्यापासून शिकवा."

तिनं चहाची गरम किटली मागवली, वाफेवर थंड ताटली धरली आणि खालचे थेंब अमरेशच्या बोटांना लावले. चंद्रव्वाशी ती कानडीत बोलली, घरी आईशी बोलते तशी. चंद्रव्वानं उलट प्रश्न विचारून तिलाच घाम फोडला. सिद्धेश्वरी पास झाली.

महिन्याभरानं ती पाठाचा दाखला न्यायला शाळेत आली, तेव्हा अमरेश आणि चंद्रव्वा फाटकापाशी रिक्षात बसत होते. गुरप्पा सर फोनवर सांगत होते, "व्हय, दोन्ही पाठवतो. पाठ झाला की लगेच परत करा, उद्या दुसरीकडं द्यायचीत."

सिद्धेश्वरीनं हाक मारली, तसा आवाज ओळखून अमरेशनं मान बाहेर काढली.

"बाई, चार शाळंत पाऊस पाडून आलो. आपल्या शाळंत आमाला गणित कवा शिकवणार हायत?"