सेतुमाधवरावांचे पाणी

आमच्या मैलापूरच्या इमारतीत पाहुण्याच्या चेहऱ्याआधी पाण्याचा रंग पाहणारे एकच गृहस्थ होते: सेतुमाधवराव. तुम्ही दारात उभे असायचे आणि ते काचेची नळी उजेडात धरून खिडकीशी. "थांबा पा, पाणी अजून काही बोललं नाही." औषधाचे थेंब घातलेले पाणी पिवळे राहिले, तर तुम्हाला कॉफी. हिरवे झाले, तर कॉफी रद्द; कारण हिरवे म्हणजे अमोनिया, आणि अमोनिया म्हणजे गुंडूच्या जिवाला धोका.

गुंडू हा त्यांच्या नातीचा ॲक्सोलॉटल, काचेच्या टाकीत राहणारा मेक्सिकन जलचर. वीतभर लांब, गुलाबी, मानेशी पिसांसारखे कल्ले, तोंड कायम हसरे. तिसऱ्या मजल्यावरच्या पंकजम मामी त्याला "हसणारी पाल" म्हणत. शिकायला परदेशी जाताना वैदेहीने तो आजोबांच्या हवाली केला. तिचा फोन दर रविवारी येई, तो गुंडूसाठी. "तात्या, पाणी कसं आहे?" "अमोनिया शून्य, कण्णा." एवढ्या संभाषणावर तो माणूस आठवडा काढी.

या प्राण्याला चेन्नईत अठरा अंशांचे पाणी हवे! खोलीतला एसी गुंडूसाठी. सेतुमाधवराव बाहेर पंख्याखाली. मी टोकले, तर म्हणाले, "सार, मला घाम तरी येतो. त्याला ती सोय नाही." नळाचे पाणी क्लोरिन उडावे म्हणून दिवसभर बादलीत उघडे ठेवलेले असे. कामवालीने एकदा त्यात फडके बुडवले, तेव्हा त्यांनी तिला नव्हे, बादलीला "सॉरी" म्हटले.

गेल्या महिन्यात ते वारले. तेराव्याच्या पंगतीत मामींनी सांगितले, "म्हाताऱ्यानंच थेंब घालघालून मारलं त्या पालीला." सोसायटीच्या सेक्रेटरींचे मत वेगळे: करंट गेला, पंप थांबला. दोन्ही खोटे. थेंब नळीत पडत, टाकीत नव्हे. आणि गुंडू आजारी पडला त्या आठवड्यात करंट एकदाही गेला नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्या आठवड्यात टाकी माझ्या ताब्यात होती.

सेतुमाधवराव डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते. जाताना बजावून गेले होते, "बर्फाच्या बाटल्या बदला, पण फिल्टरच्या स्पंजाला हात लावू नका. त्यातले जिवाणू अमोनिया खातात; त्यांच्यावरच सगळं पाणी चालतं." मध्येच आयुधपूजा आली. आमच्या घरात त्या दिवशी अडकित्त्यापासून स्कूटरपर्यंत प्रत्येक हत्यार घासूनपुसून पूजेला लागते. शेजाऱ्याने विश्वासाने सोपवलेले यंत्र तेवढे बुळबुळीत ठेवायचे? चाळीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या मला स्पंजाचे शास्त्र कोणी शिकवावे? मी तो नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला, जागी बसवला, पंपाला गंध-कुंकू लावले.

ते परतले तेव्हा गुंडूचे कल्ले झडत आले होते. नळी गडद हिरवी झाली. त्यांनी टाकी निम्मी उपसून बादलीतले पाणी भरले, पुन्हा उपसली, पुन्हा भरली. दोन दिवस हेच. तिसऱ्या सकाळी गुंडू गेला. त्यांनी स्पंज बाहेर काढला, बराच वेळ पाहिला. पंपावरचे कुंकू बोटाने पुसले. मी शब्द जुळवीत होतो; तेवढ्यात दारातून मामींनी विचारले, "काय झालं हो?"

"करंट, मामी. करंट गेला होता," सेतुमाधवराव म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. वैदेही फोनवर रडत होती. "वय झालं होतं गं त्याचं," असे तिला तीनदा सांगून त्यांनी फोन माझ्या हाती दिला. "शेजारचे सार आहेत. मी नव्हतो तेव्हा यांनीच जपलं त्याला. थँक्स म्हण."

तिने म्हटले. आणि मी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवणारा माणूस, म्हणालो, "त्यात काय एवढं, बाळ."