पाऊण इंचाचा रस्ता

आपल्या शहरात आता कोणी रस्ता चुकूच शकत नाही, असं मी सोमवारी सकाळी भर ऑफिसात छातीठोकपणे सांगितलं. दुपारी माझे वडील हरवले!

तसं सांगायचा अधिकार मला होता. मेट्रोचा नकाशा मी काढतो. डब्याच्या दारावर तो रंगीत रेघांचा कागद असतो ना, तो माझा. आधी एकच लाल रेघ होती, तेव्हा माझी नोकरी म्हणजे वहीला समास आखण्याइतकी सोपी होती. मग निळी आली, हिरवी आली, जांभळी आली, आणि आता ट्राम सुरू होणार म्हणून पिवळी. एवढ्या सगळ्यांना एका कागदावर बसवायचं तर थोडी दामटादामटी करावीच लागते. वळणं घेत जाणारी लाइन मी सरळ करतो, लांबची स्टेशनं जवळ ओढतो. या वेळी तर साहेबांना कोपऱ्यात भलंमोठं बोधचिन्ह हवं होतं. जागा कुठून आणू? लाल रेघेच्या टोकाचे, अजून बांधून न झालेले सहा किलोमीटर मी पाऊण इंचात दाबले आणि नुसते ठिपके दिले.

"वा! काय सुटसुटीत!" साहेब म्हणाले.

त्या पाऊण इंचाच्या पलीकडे माझी आत्या राहते.

आत्या बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे बाबांना तिनंच वाढवलं. पण चार वर्षांत दोघांची गाठ पडली नव्हती. तिच्याकडे जायला तीन बस बदलाव्या लागतात, आणि बाबांच्या गुडघ्यांना ते झेपेना. मी दर वर्षी सांगायचो, "बाबा, थोडा दम धरा! पुढच्या वर्षी लाल लाइन थेट आत्याच्या दारात!" बाबा दम धरायचे. आत्या फोनवर म्हणायची, "तुझी मेट्रो आधी येते की माझं बोलावणं, बघू या." मी हसण्यावारी न्यायचो.

नवा नकाशा छापून आल्यावर मी एक प्रत आत्याला कुरियरनं पाठवली आणि एक बाबांच्या हातात ठेवली. बाबा शिंपी. दुकान बंद होऊन सात वर्षं झाली, पण टेप अजून गळ्यात असते. त्यांनी कागद टेबलावर पसरला, हातानं सुरकुत्या काढल्या आणि टेप लावली.

"आपलं स्टेशन ते वाचनालयाचं स्टेशन एक इंच. मी चालत बारा मिनिटांत जातो."

"हो."

"शेवटचं स्टेशन ते ताईचं स्टेशन पाऊण इंच."

"हो ना!"

"आणि हे ठिपके कसले?"

"तिथलं काम चालू आहे."

"अच्छा, कच्चा टाका घातलाय!"

"अगदी बरोबर, कच्चा टाका!" मी खो खो हसलो आणि आंघोळीला गेलो. माणसानं आंघोळीला जाण्यापूर्वी थोडा विचार करावा.

सोमवारी दुपारी बायकोचा फोन आला. ती शाळेतून शिकवून घरी पोचली होती.

"अहो, बाबा घरात नाहीत! चिठ्ठी आहे. 'ताईकडे जातो. मेट्रोनं, पुढे नऊ मिनिटं चालत. चहाला परत येतो.'"

"नऊ मिनिटं? अगं, सहा किलोमीटर आहे ते!"

"मग त्यांना नऊ कोणी सांगितलं?"

मी सांगितलं होतं! एक इंचाला बारा, तर पाऊण इंचाला नऊ. बाबांचा हिशेब आयुष्यात कधी चुकला नव्हता, चुकलं होतं ते कापड. त्यांचा मोबाइल घरी चार्जरला लटकत होता. आत्याला फोन लावला तर नुसता वाजत राहिला. मी गाडी काढली.

शेवटच्या स्टेशनवर सुरक्षारक्षकाला विचारलं.

"गळ्यात टेप असलेले आजोबा? हो, आले होते. पाऊण इंच पुढे जायचंय म्हणाले."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"मी भिंतीवरचा नकाशा बघून खात्री केली ना, साहेब! पाऊण इंचच आहे!"

पुढे अर्धवट बांधलेल्या खांबांची रांग होती. तिच्या कडेनं मी गाडी हळूहळू नेत राहिलो. सिमेंट कालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते होय! गेले पुढे. आमच्या इंजिनिअरची पँट आखूड आहे म्हणून सांगून गेले." इंजिनिअर म्हणाला, "गेले पुढे. पण खरंच आखूड आहे का हो?"

चौऱ्याऐंशीव्या खांबापाशी मी ब्रेक दाबला. एका भल्यामोठ्या पाइपावर दोन म्हातारी माणसं बसली होती. दोघांच्या डोक्यावर कामगारांची पिवळी हेल्मेट. एक बाबा होते, आणि दुसरी आत्या!

"अरे, मीही नकाशा बघितला ना," आत्या म्हणाली. "सकाळी याचा फोन आला. म्हटलं, बारक्या तिकडून निघतोय तर मी इकडून निघते. साडेचार मिनिटांत मध्ये भेटू! दीड तास चालतेय मी."

मी रागावणारच होतो, तेवढ्यात माझं लक्ष तिच्या कपड्यांकडे गेलं. आत्याच्या अंगात नवंकोरं जाकीट होतं. बाबांनी तिच्यासाठी शिवून आणलेलं, चार वर्षांपूर्वीच्या मापाचं. ते तिच्या खांद्यांवरून खाली ओघळत होतं. बाबा ओठांत टाचण्या धरून ते मागून आवळत होते.

"दीड इंच कमी झालीस गं, ताई," टाचण्यांमधूनच ते म्हणाले.

"होणारच. तू कुठे माप घ्यायला आलास?"

मला एकदम भरून आलं. ते लपवायला मी घाईघाईनं म्हणालो, "चला, चला, दोघंही गाडीत बसा!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तुझा नकाशा आखूड बेतलाय. गिऱ्हाईकानं कपडा तोंडावर फेकला असता! पण तू रे इतक्या लवकर कसा पोचलास?"

"गाडीनं."

"ऑफिसातून? किती वेळ लागला?"

"चौकशा करत आलो तरी," मी जरा ऐटीतच म्हणालो, "बावीस मिनिटं!"

बाबांनी ओठांतल्या टाचण्या एक एक करून काढल्या. आत्यानं हेल्मेट सावरत अगदी मायेनं विचारलं, "आणि ही गाडी घेऊन किती दिवस झाले रे, बाळा?"

"पाच वर्षं," मी म्हणालो, आणि मागचं दार उघडून धरलं.