पिंपळावरचे मडके

ज्या मनुष्याने आयुष्यभर पोरांकडून 'रामः रामौ रामाः' घोकून घेतले, त्याला शाळेची एक बाग पाखरांनी भरून टाकणे काय कठीण! गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या आमच्या शाळेत, निवृत्त असूनही, हे मी छाती पुढे काढून बोललो. शालेय समितीचे अध्यक्ष दुलीचंद यांचा बागेच्या त्या कोपऱ्यावर डोळा होता. त्यांना तेथे मोटारसायकलींसाठी टिनाचे शेड हवे होते.

"पाखरं झाडीत भरमार हायेत, गुरुजी! शाळेत कायले बोलावून राहिले? महिना सरला का शेड होईन."

सातवीतली साक्षी रडकुंडीला आली. तिच्या वर्गाने तेथे पाखरांसाठी करवंदी, फुलपाखरांसाठी झेंडू आणि सरड्यांसाठी दगडांची रास असा संसार मांडला होता.

"रडू नकोस," मी म्हणालो. "पाखरांचा थवा उतरला की शेड आपोआप उडेल!"

मला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला मुलीकडे जायचे होते. निघताना मी मुलांना योजना समजावली. "बागेतल्या पिंपळाला मडके टांगा. बुडाला छिद्र, त्यात दर्भाची वात. पाणी थेंबाथेंबाने गळू द्या. खाली दगडावर तीळ घातलेला भाताचा गोळा ठेवा. पहाटे अनवाणी जा, आणि झाडाखाली कोणी काहीही विचारले तरी ओठांवर बोट! पाखरे बुजतात."

किती शास्त्रशुद्ध योजना! ती मला सुचली कोठून, याचा विचार मात्र मी केला नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. भ्रमणध्वनी तेवढा मुलीकडच्या बादलीत बुडून निवर्तला. काही दिवसांनी पहाटेच्या गाडीने गोंदियास उतरलो आणि अंगावर पांढरी शाल, एका डोळ्यावर पट्टी, अशा थाटात थेट शाळेकडे निघालो.

माघातले धुके असे दाटले होते की माझेच पाय मला दिसेनात. कोठे कुत्रे भुंकत नव्हते. शाळेच्या दिशेने फक्त एक आवाज येत होता. टप्... टप्... टप्...

पिंपळाखाली माणसे बसली होती. डोक्यावर पांढरे दुपट्टे, माना खाली. धुक्यात नुसती मस्तकेच तरंगत असल्यासारखी! कोणी वर पाहिले नाही. कोणाच्या तरी घरी अघटित घडले, असे जाणून मी विनम्रपणे मागे जाऊन बसलो. पुढे शाळेचा शिपाई बिसराम होता.

"बिसराम, कोण रे गेले?"

तो मागे न वळता कुजबुजला, "दुर्गाप्रसाद गुरुजी, जी. डोळ्याले गेले न् तिकडंच आटोपले. फोनबी लागेना. पोरायनं पिंपळाले मडकं टांगलं, पिंड मांडला, तवाच समजलो. कितीक इचारलं, पन लेकरायच्या तोंडून शब्द नाही!"

दुर्गाप्रसाद गुरुजी म्हणजे मी!

मी स्वतःची नाडी चाचपली. गारठलेल्या बोटांना काही लागेना. एवढी माणसे म्हणत आहेत, त्या अर्थी असेलही!

फांदीवर कावळा बसला होता. खाली उतरत नव्हता.

"शिवत नाही जी! गुरुजीची इच्छा राहिली असन," बिसराम पुटपुटला.

मोठ्यांनी सांगितल्यावर साक्षीनेही माझे मरण मान्य केले होते. ती हुंदका देत उठली. "गुरुजीले ही बाग पाहिजे होती."

सगळ्यांच्या नजरा पुढे बसलेल्या दुलीचंदांकडे वळल्या. एवढ्या थंडीत त्यांना घाम फुटला. "मी जिवंत आहे" हे वाक्य माझ्या जिभेवर आले होते. मी ते सावकाश गिळले.

"राहीन गुरुजी, बाग राहीन!" दुलीचंद हात जोडून ओरडले. "शेड नाही बांधत! शिव रे कावळ्या आता!"

कावळा झेपावला, गोळा उचलून गेला. गर्दीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि नेमकी तेव्हाच मला शिंक आली!

बिसराम वळला. पांढरी शाल, एकच डोळा! पापणी लवते न लवते तोच तेथे फक्त चपला उरल्या. दुलीचंद तेवढे पिंपळाचे खोड कवटाळून राहिले. साक्षीने धीर करून माझ्या हाताला बोट लावले.

"गरम हायेत जी! गुरुजी जित्ते हायेत!"

दुलीचंदांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परतले. पाठोपाठ शेडही. "मंग माझा शब्द कायचा? म्या तो मेल्या गुरुजीले देल्ला होता!"

साक्षीने डोळे पुसले, क्षणभर विचार केला आणि माझ्या कानाशी आली. "गुरुजी, करवंदीत बुलबुल घरटं बांधून राहिला. पिल्लं उडेपर्यंत तुमी मेलेलेच राहा न जी!"

शिष्येच्या शब्दाबाहेर कसे जावे? हल्ली मी बागेत मागच्या कुंपणाच्या खिंडारातून शिरतो, तेही शाल पांघरूनच. पळालेल्या गावाच्या लेखी मी भूतच आहे, आणि सर्वांदेखत मेल्या गुरुजीला दिलेला शब्द मोडायची दुलीचंदांची छाती होत नाही; शेड अद्याप उभे राहिलेले नाही. मी लांबून दिसलो तरी ते हात जोडून वाट बदलतात.

जिवंतपणी एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता!