मापसाहेबांचे बर्फातले बूट

मापसाहेबांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. पाय राहत! तीस वर्षं एकाच दुकानात बुटांची विक्री केलेला माणूस तो. रस्त्यात कुणी हाक मारली की ते आधी खाली बघायचे आणि मग खुशीत म्हणायचे, "अरे, साडेसात! रुंद पंजा! कसं काय, बरं आहे ना?" मापाच्या पट्टीला त्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत हात लावला नव्हता. पट्टी शिकाऊ लोकांसाठी असते, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की हे आपल्या स्टुलावरूनच आकडा सांगत, आणि आकडा चुकत नसे. हे मात्र कबूल करायला हवं, खरंच चुकत नसे.

तर अशा माणसाला एका रविवारी जावयानं सांगितलं, "बाबा, या हिवाळ्यात आपण चौघं बर्फावर जाऊ. स्कीइंगला! बूट भाड्यानं मिळतात, बाजारामागे दुकान आहे. तिथली मुलगी सगळ्यांच्या पायांचं माप घेते."

मापसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"माप घेते? माझ्या घरातल्या पायांचं?"

"हे बूट वेगळे असतात हो. माप चुकलं तर म्हणे पाय मोडतो."

"जावईबापू, बूट शेवटी बूटच! चौघांची मापं मी सांगणार. एक जरी चुकलं, तर पुन्हा कुणाच्या पायाला हात लावणार नाही. गल्ल्यावर बसेन, गल्ल्यावर!"

लेकीनं आईकडे पाहिलं. मापसाहेबांना गल्ल्यावर बसवणं म्हणजे गवयाला दाराशी तिकिटं फाडायला बसवण्यासारखं होतं. पण बोलून बसले! आणि बोललेला शब्द मागे घेणं हे त्यांच्या रक्तात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच त्या दुकानात गेले. काउंटरमागे कानावर पेन्सिल खोचलेली मुलगी होती. ती म्हणाली, "काका, बूट-मोजे काढा आणि या पट्टीवर उभे राहा."

दुकानात एकदम शांतता पसरली. म्हणजे मापसाहेबांना तसं वाटलं. बाकीचे लोक आपापल्या कामात होते.

"पट्टी ठेवून द्या," ते म्हणाले. "लिहून घ्या. बायको, पाच. लेक, साडेपाच, डावा पाय किंचित लांब. जावई, नऊ, तळव्याची कमान उंच. मी आठ. म्हणून मला नऊ द्या."

"आठ असेल तर नऊ कशाला?"

"पुढे अंगठ्याएवढी जागा नको? तीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलोय."

"काका, या बुटात जागा ठेवत नाहीत. बोटं पुढे टेकायलाच हवीत. घट्ट हवा."

"मुली, तुझं वय काय?"

मुलीनं असे काका पाहिले असावेत. तिनं पावतीवर 'माप गिऱ्हाइकानं सांगितलं' असं लिहिलं, खाली सही घेतली आणि चार जोड पुढे सरकवले.

घरी आल्यावर मापसाहेबांनी आपला दुसरा नियम काढला. नवा बूट दोन दिवस घरात घालून फिरायचा. हाही सल्ला त्यांनी हजारो लोकांना दिला होता. ते खुर्चीत बसले, पाय आत घातला आणि उठून एक पाऊल टाकलं. पाऊल पुढे गेलं, बूट मागेच राहिला!

आता त्यांची अवस्था समजून घ्या. मोठा बूट घेऊन आत चिंध्या कोंबणाऱ्या गिऱ्हाइकांना या माणसानं आयुष्यभर चारचौघांत झापलं होतं. त्यांनी बायको स्वयंपाकघरात आहे ना, हे पाहिलं, दार लोटलं आणि मोज्यांवर मोजे चढवले. तरी टाच उचलली जात होती. मग तिसरा जोड! आता पाऊल बसलं, पण पोटरी इतकी फुगली की डाव्या बुटाचा वरचा खटका लागेना. मापसाहेबांनी हातोडी आणली. दोन घाव घातले. खटका लागला, आणि आतल्या आत वाकलाही.

"बसले की नाही? अगदी बेतून शिवल्यासारखे!" त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलं आणि दिवाणखान्यात फेऱ्या सुरू केल्या.

पाचव्या फेरीला खालचे शेजारी वर आले. "भिंत पाडताय का हो?"

"सराव चाललाय! बर्फावर जायचंय."

"मग बर्फावर जाऊन करा की! आमच्या छताचा चुना पडतोय ताटात!"

तेवढ्यात लेक आणि जावई आले. जावई म्हणाला, "वा! काढून दाखवा बाबा, आतून कसे आहेत बघू."

उजवा निघाला. डावा निघेना. जावयानं बूट ओढला, लेकीनं खुर्ची धरली, बायकोनं लेकीला धरलं. बूट सोडून बाकी सगळं सरकलं! मापसाहेब मात्र शेवटपर्यंत म्हणत होते, "पाहिलंत? याला म्हणतात पकड!"

शेवटी दुकान गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एका पायात साधा बूट, दुसऱ्यात ती बादली, असे मापसाहेब भर दुपारी ठक-फट, ठक-फट करत बाजारातून निघाले. मागे सगळं कुटुंब! वाटेत एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलंच, "साहेब, हे नवीन आलेत का दुकानात?"

"हो," मापसाहेब ताठ मानेनं म्हणाले, "पण सगळ्यांना नाही दाखवत."

दुकानातल्या मुलीनं त्यांना खुर्चीवर बसवलं, गुडघा टेकला आणि पकडीनं खटका उघडला. बूट निघाला. मग मोजा निघाला. मग आणखी एक. मग तिसरा. जावई शहाणा, तो दुकानाचं छत बघत राहिला.

"आता पट्टीवर," मुलगी म्हणाली.

मापसाहेब उभे राहिले.

"सात."

"आठ!"

"सात, काका. दोन्ही पाय."

मापसाहेबांनी वाकून पाहिलं. सातच होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मालकानं आठ नंबरचा जोड हातात दिला होता, तोच आकडा धरून ते आजवर चालत होते. तीस वर्षं ते बुटक्या स्टुलावर बसले, पण गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर कधी बसलेच नाहीत. त्यांना फार वाईट वाटलं. गल्ल्याचा विषय कुणी काढला नाही, म्हणून तर अधिकच.

"ठरलं म्हणजे ठरलं," ते म्हणाले. "उद्यापासून गल्ला."

"का बरं?" मुलगी म्हणाली. तोवर तिनं तिघांनाही पट्टीवर उभं केलं होतं. "पाच. साडेपाच, डावा लांब. नऊ, कमान उंच. केसाएवढा फरक नाही! न मोजता असं सांगणारा माणूस मी तरी पाहिला नाही. तुमचं एकट्याचंच चुकलं."

मापसाहेबांची मान पुन्हा वर यायला लागली.

"मला ठाऊक होतं, सात ते," बायको हळूच म्हणाली.

"तुला?"

"लग्नात चालत आलात तेव्हाच टाच वाजत होती तुमची. तेव्हापासून तुमच्या प्रत्येक नव्या बुटात मी आतून जादा तळवा चिकटवते. उजव्यात एक, डाव्यात दोन. डावा जास्त वाजतो."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्हाला माप सांगायचं? मी?"

मापसाहेबांनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं, नंतर बायकोकडे. मग त्यांची छाती अशी काही फुगली की विचारू नका. ते जावयाकडे वळले. "ऐकलंत, जावईबापू? पाय बघितलाही नाही, नुसत्या आवाजावरून! घरात शिकवण कुणाची आहे?"

मुलीनं कानावरची पेन्सिल काढली. "खरं सांगू? हंगामात आमच्याकडे माप घ्यायला एक माणूस हवंच आहे. आठवड्याचे तीन दिवस. जमेल का?"

मापसाहेबांनी घसा खाकरला, शर्टाची घडी सारखी केली. "तसा मी एका जागी बांधलेला आहे. पण तुम्ही एवढं म्हणताच आहात तर विचार—"

"तुम्ही नाही हो काका. काकूंना विचारतेय."

काकूंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "किती वाजता येऊ?"