घाईचा पुरावा

कला आणि शास्त्र ही एकाच मानवी प्रज्ञेची दोन अंगे असून त्यांना एकत्र आणणे हे शासनाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य आमचे संयुक्त संशोधन अनुदान मंडळ एका तीनमजली इमारतीत पार पाडते. पहिल्या मजल्यावर कला, तिसऱ्यावर संगणकशास्त्र, आणि मधल्या मजल्यावर, जिथे दोघांचा संयोग व्हायचा, तिथे मोडक्या खुर्च्या. (लिफ्ट तिथे थांबत नाही.) मी मंडळाचा सदस्य-सचिव आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आमची छाननी तर आदर्शच. ज्याला विषय कळतो त्याला मतं असतात, आणि मतं आली की पक्षपात आला. सबब प्रस्तावातला संगणकाचा भाग आम्ही चित्रकारांकडे पाठवतो आणि कलेचा भाग संगणकतज्ज्ञांकडे. मध्यंतरी एका ज्येष्ठ चित्रकारांनी एक प्रोग्राम तपासून त्यातल्या मोकळ्या जागांची तोंडभरून स्तुती केली. एका संगणकतज्ज्ञांनी गायिकेला विचारलं की तीच ओळ पुन्हा पुन्हा गाण्याऐवजी एकदाच गाऊन फिरवत ठेवता येणार नाही का. या पद्धतीविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही. (तक्रारी मधल्या मजल्यावर स्वीकारल्या जातात.)

अशा या मंडळाकडे एक प्रोग्रामर मुलगी आली. तिचा मामा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा. त्याची राणी नुसती मान वळवायची आणि दंगा करणारी पोरंसुद्धा चिडीचूप व्हायची. मी लहानपणी तो खेळ पाहिलाय आणि, खोटं कशाला बोलू, रडलोही आहे. (हे मी छाननी समितीत बोललो नाही. हितसंबंध ठरला असता.)

मामाला हातांना कंप सुटण्याचा आजार जडत होता. डॉक्टरांच्या मते हातांना फार तर वर्षभराची सवड होती. तोवर बोटांची प्रत्येक हालचाल संगणकात टिपायची आणि मग यांत्रिक हातांकडून त्याच दोऱ्या तशाच हलवून घ्यायच्या, एवढंच भाचीचं म्हणणं. समितीने प्रस्तावातल्या ‘तातडीने’ या शब्दाला हरकत घेतली. तातडीचा पुरावा जोडलेला नव्हता.

“साहेब, हात अजून चांगले आहेत, म्हणूनच तर घाई आहे,” भाची म्हणाली.

“चांगले आहेत ना? मग घाई कशाची?” मी विचारलं.

माझ्या या प्रश्नाची इतिवृत्तात खास नोंद आहे.

मंजुरीपूर्वी सुरू केलेलं काम अपात्र ठरतं, त्यामुळे घरच्या घरी काही टिपून ठेवायचीही तिला मुभा नव्हती. मंडळ मात्र हातावर हात ठेवून बसलं नाही. कंप म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला उपसमिती नेमली. उपसमितीने परदेशात जाऊन दोन भूकंपमापन केंद्रांची पाहणी केली. भाची अधूनमधून यायची, व्हरांड्यातल्या बाकावर बसायची आणि ‘बैठक पुढे गेली’ हे ऐकून निघून जायची.

पुढे एकदा ती मामालाच घेऊन आली. शिपायाने त्याला चहा दिला. कप तोंडाशी जाईपर्यंत अर्धा चहा सदऱ्यावर सांडला आणि उरलेला अध्यक्षांच्या टेबलावर. सगळी समिती हेलावली. निकड डोळ्यांदेखत सिद्ध झाली होती. त्याच बैठकीत, एकमताने, अनुदान मंजूर झालं.

भाचीच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. “आता काय टिपू, साहेब?” तिने विचारलं.

“प्रस्तावात लिहिलंय तेच,” मी म्हणालो. आयत्या वेळी उद्दिष्ट बदललं तर अनुदान परत जातं, हेही समजावून सांगितलं.

तिने इमानेइतबारे काम केलं. यंत्रही इमानी निघालं. मामाच्या हातांचा एकूण एक कंप त्याने आत्मसात केला. पहिला प्रयोग सभागृहात झाला तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. यांत्रिक हातांनी दोऱ्या उचलल्या आणि राणी डोक्यापासून पायापर्यंत थरथरू लागली. मग राजा थरथरला, घोडा थरथरला. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ‘यंत्रालाही गहिवर फुटला’ असं लिहिलं.

मामा तिसऱ्या रांगेत होता. तो मोठ्याने म्हणाला, “बंद कर गं ते. माझी राणी अशी नव्हती.”

भाची त्याचा हात धरून खाली मान घालून बसून राहिली. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण मी मंचावर होतो.

तेवढ्यात चौथ्या रांगेतून कुणीतरी पुढे वाकून म्हणालं, “आजोबा, तुम्हाला कळत नसेल तर गप्प बसा. आम्हाला तरी बघू द्या.” प्रयोग निर्विघ्न पार पडला.

या जाणकार रसिकाचा सत्कार करावा असा ठराव मंडळाने केला आहे. अंधारात चेहरा नीट दिसला नाही, म्हणून विचारतो. चौथ्या रांगेत तुम्हीच होतात ना?